पॉलिश पेपर, नंबर १२०

जुनी, गंजलेली सुरी 'नवीन करून' दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. मी तर रात्री जेवण झालं की लागोपाठ चार-चार बघतो. तेव्हा पुढं जी टीका येणार आहे ती एका चाहत्याची आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

या व्हिडिओंचा साचा ठरलेला असतो. कुणी बोलत नाही. भंगारातला एखादा सुरा किंवा खंजीर टेबलावर ठेवला जातो. मूठ उखडून फेकतात. पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये पडून राहतं. मग बेल्ट ग्राइंडर, ठिणग्या, बफिंगचं चाक, निळ्या-हिरव्या रेझिनची नवी कोरी मूठ, आणि शेवटी वर्तमानपत्राचा कागद सर्रकन कापून दाखवायचा. वीस मिनिटांत दीडशे वर्षं पुसली जातात आणि खाली लोक लिहितात, 'मन शांत झालं.' माझंही होतं, खोटं कशाला बोलू.

पण मी पीएच.डी. करतोय पोलादाच्या सूक्ष्मरचनेवर. धातूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्यावर आजवर काय काय घडलंय ते वाचणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे त्या वीस मिनिटांत ग्राइंडरखाली नेमकं काय जातं ते मला दिसतं, आणि झोप लागत नाही. शिवाय हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. त्याकडे येतोच.

आधी या छंदाबद्दल थोडं. सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात सुऱ्या-खंजीर जमवणारी, त्यांना स्वतःच्या हातानं मूठ बसवणारी बरीच पोरं आहेत. काही गडकोट फिरता फिरता जुन्या शस्त्रांच्या नादी लागलेली, काही व्हिडिओ बघून. त्यांचा आवडता कच्चा माल म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. निवड चांगली आहे. कमानीचं पोलाद कडक होतं आणि तरी चिवट राहतं. घिसाडी लोक रस्त्याकडेला पाल टाकून याच पाट्यांपासून कोयते आणि कुऱ्हाडी घडवत आलेत, त्यासाठी त्यांना इंटरनेट लागलं नाही. आणि हातात बसेल अशी वस्तू घडवणं, म्हणजे आजच्या भाषेत कस्टम, ते बघायचं असेल तर गळिताच्या हंगामात सांगलीकडच्या उसाच्या फडात जावं. एकाच भट्टीतून निघालेले कोयते महिन्याभरात वेगळे दिसायला लागतात. कुणी मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, कुणी चिंधी, कुणाचं पातं धार लावून लावून निम्म्यावर आलेलं. ते कुणी सजवत नाही, ते कामानं होतं.

छंदातल्या मंडळींना मात्र हवा असतो 'डमास्कस'. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेला. इथं माझी पहिली तक्रार. एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे आपलं जुनं मुशीतलं पोलाद. दक्षिण हिंदुस्थानात बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारं लाकूड-पाला घालून ते वितळवत, मुशीतच सावकाश निववत. कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे आजच्या साध्या पोलादाच्या कितीतरी पट. कमी उष्णतेवर, सबुरीनं ठोकलं की आत सिमेंटाइट नावाच्या कठीण संयुगाचे कण ओळीनं मांडले जातात आणि पात्यावर जौहर उमटतो. या ओळी का तयार होतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून ते सोडवलं. १९९८ च्या त्यांच्या लेखाचा मुद्दा असा की खनिजातून आलेला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी किंचित अंश या ओळी लावतो. विशिष्ट खाणींचं खनिज संपलं की त्याच हातांनी, त्याच कृतीनं केलेल्या पात्यावर नक्षी येईना. प्रयोगशाळेतला माणूस आणि भट्टीवरचा माणूस यांची नावं एकाच शोधनिबंधावर आहेत, ही गोष्ट मला त्या निबंधातल्या आलेखांइतकीच आवडते.

दुसरी म्हणजे आजचं थरांचं पोलाद. दोन जातींच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या, दुमडायच्या, पिळायच्या. त्यातल्या एका जातीत निकेल असतं. शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की निकेलवाले थर चकचकीत राहतात, दुसरे काळे पडतात. यात फसवणूक काही नाही, कष्टाचं काम आहे, फक्त ते जुनं पोलाद नव्हे.

तिसरी म्हणजे साध्या स्टेनलेस पात्यावर लेझरनं किंवा ॲसिडनं छापलेली नक्षी. ही शुद्ध थाप.

ओळखायचं कसं, हे मला बरेच जण विचारतात. पात्याचा एक कोपरा घासून गुळगुळीत करा आणि पुन्हा ॲसिड लावा. नक्षी धातूच्या अंगात असेल तर ती परत येते, छापलेली असेल तर गेली ती गेली. नव्या, विकत घेतलेल्या सुरीवर हे खुशाल करा. घरातल्या जुन्या पात्यावर मात्र करू नका. का ते सांगतो.

आमच्या घरी एक कट्यार आहे. फार मोठ्या घराण्याची वगैरे नाही, सातारा तालुक्यात अनेक घरांत असते तशी. वर्षभर पेटीत, खंडेनवमीला बाहेर. २०१२ साली मी पंधरा वर्षांचा होतो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला ती काळवंडलेली कट्यार बघवेना. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, नंबर १२०, म्हणजे भिंतीचा जुना रंग खरवडायला वापरतात तो. दुपारभर घासली. पातं झालं, मग मुठीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या घेतल्या. काळा थर निघाला आणि खाली बारीक, उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसायला लागली. मला वाटलं, आधीच्या कुणीतरी वेड्यावाकड्या घासल्यामुळे पडलेले ओरखडे आहेत. मग ते ओरखडे जाईपर्यंत घासली.

संध्याकाळी आजीनं बघितली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आरं, त्येच्यावर येलबुट्टी हुती की."

एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागल्यावर मला कळलं की मी काय केलं. चांदीच्या कोफ्तगिरीत पोलादावर आधी छिन्नीनं अशीच उभी-आडवी बारीक जाळी कोरतात, म्हणजे त्या खरखरीत पृष्ठभागावर चांदीची तार ठोकून बसवली की ती धरून राहते. मी 'ओरखडे' म्हणून जे पुसले ती त्या कारागिराची पूर्वतयारी होती. चांदी आधीच काळी पडली होती, ती मी गंज समजून काढली. लॅबमधल्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दांडी आणि आडवी मूठ जुळतात त्या खाचेत तारेचा एक तुकडा सापडला, तांदळाच्या दाण्याहून लहान. पॉलिश पेपर तिथं पोचला नव्हता म्हणून उरला.

आता गंमत बघा. छंदातले लोक ज्यासाठी जीव टाकतात तो जौहर, आमच्या कट्यारीत असलाच तर, अजूनही तिच्यात आहे. मी तो घालवू शकलो नसतो, हातानं घासून तर नाहीच. ग्राइंडरनं पातं लालभडक होईपर्यंत तापवलं असतं तर सिमेंटाइटची ओळ मोडली असती, तो धोका खरा आहे. तेवढं न तापताही, पात्यावर गवती पिवळा आणि मग निळा रंग चढताना दिसला की समजावं, धारेचा कडकपणा उतरायला लागला. व्हिडिओत तो निळा रंग फार सुंदर दिसतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. पण मुद्दा असा, की जौहर ॲसिडनं परत दिसतो. वेलबुट्टी कशानंच परत येत नाही. आणि सगळे घासतात ते जौहरासाठी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग जुन्या शस्त्राला हातच लावू नये, जसं मिळालं तसं काचेत ठेवावं. संग्राहकांमध्ये असा एक सोवळा पंथ आहे. मूठ मूळची नाही ना, मग माल खोटा. मला हेही पटत नाही, आणि का ते सांगायला माझ्याकडे गेल्या वर्षीचं एक ताजं उदाहरण आहे.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनानं ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. बातम्यांत भर होता तो 'परत आली' यावर, आणि ते साहजिकही आहे. पण मला त्या तलवारीचं पातं जास्त बोलकं वाटतं. ते युरोपात बनलेलं आहे. त्यावर आपल्याकडची मूठ आणि परज चढवलेली आहे, आणि पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत लिहिलंय, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. शेवटचा शब्द पुन्हा वाचा. फिरंग! पातं परमुलखातलं आहे हे लपवणं राहिलं बाजूला, सोन्यानं लिहून ठेवलंय. सेनासाहेब सुभा हा किताब साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या दरबारचा. म्हणजे युरोपचं पोलाद, मराठी मूठ, साताऱ्याचा किताब. याला कस्टम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अशा फिरंगी मराठ्यांच्या फौजेत शेकड्यांनी होत्या. पातं बंदरातून यायचं, मूठ इथं बसायची. तिथं 'मूळ' शोधायला निघालेला माणूस फसणार. त्या तलवारीचं मूळ म्हणजे तो जोड. फरक एवढाच की तो जोड दिसतो, वाचता येतो. कुणी, कशावर, काय चढवलं ते वस्तूच सांगते. रेझिनच्या मुठीवाल्या खंजिराला विचारून बघा, तो काही सांगत नाही. त्याची जुनी मूठ कचऱ्यात गेलेली असते.

वस्तूवर कुणी काय लिहून ठेवलं, यावरून साताऱ्याची आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली आणि १९ जुलैपासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना बघायला मिळाली. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा माझ्यापुढे रांगेत एक आजोबा होते, ते काचेपुढे आले आणि त्यांनी चपला काढल्या. अशा वेळी पोलादाच्या रचनेवर विचार करणारा माणूस जरा आगाऊच वाटतो, पण सवय जात नाही.

ही नखं खरोखर प्रतापगडाखाली वापरलेलीच का, यावर तेव्हा बराच वाद झाला. ज्या म्युझियमची ती आहेत त्यांचंही म्हणणं असं की याची खातरजमा करता आलेली नाही. मला रस आहे तो दावा नेमका कुठं लिहिलाय यात. तो नखांवर नाही, नखांच्या पेटीवर आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून आलेला जेम्स ग्रँट डफ, तोच मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, ही नखं घेऊन गेला. ती ठेवायला पुढे स्कॉटलंडमध्ये एक बेताची पेटी बनली आणि तिच्यावर मजकूर कोरला गेला: ही शिवाजीची वाघनखं, यांनी त्यानं मोगल सेनापतीला मारलं, आणि पेशव्याच्या प्रधानानं ती साताऱ्यात दिली.

मोगल सेनापतीला! अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतलं पोर सांगेल. या चुकीमुळे नखं खोटी ठरत नाहीत हं. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे त्यावरून कळतं. आणि तरीही, उद्या ती पेटी हरवली तर उरतील फक्त पोलादाची वाकडी नखं, कुणाचीही. संग्राहकानं केलेली भर कधीकधी संग्रहातल्या वस्तूइतकीच महत्त्वाची होऊन बसते. चुकीची असली तरी.

मग काय बदलावं आणि काय बदलू नये? याचं बऱ्यापैकी उत्तर मला साताऱ्यात नाही, मिरजेत सापडलं. कोयना एक्स्प्रेसनं तीन-साडेतीन तासांचा रस्ता. मिरजेला लोक जातात दवाखान्यासाठी, नाहीतर तंबोऱ्यासाठी. तिथले सतार-तंबोरे बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. शिकल हा शब्दच मुळी झिलईचा, अरबीतून आलेला. इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारी पेटीत गेल्या. एकोणिसाव्या शतकात या घरांनी वाद्यं बनवायला घेतली. पुढे काहींचं आडनावच सितारमेकर झालं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

माझ्यासारख्याला यातली जवारी बघण्यासारखी वाटते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उताराला अंगाअंगानं घासते आणि आवाजाला ती भरीव झणकार येते. उतार केसभर चुकला की आवाज बोदा तरी होतो, नाहीतर नुसता झणझणतो. हा उतार कानशीनं काढतात. वाजवून वाजवून तारेची खाच पडते, मग पुन्हा काढावी लागते. सहाणेवर पात्याचा उतार धरणाऱ्या हातांना हे काम का जमलं असेल ते तिथं उभं राहिल्यावर लगेच कळतं.

एका वयस्कर कारागिरापुढे दुरुस्तीला आलेला तंबोरा होता. त्यांनी कानस हातात घेतली, पण आधी बराच वेळ तारा छेडत बसले. मी विचारलं, बिघडलीय हे दिसतंय, मग ऐकताय काय? म्हणाले, "आधी कुणी काढली होती ते ऐकतो. हा हात आमच्या चुलत्यांचा." मग त्यांनी कानस फिरवली. चुलत्यांचा हात गेला. भोपळ्यावरच्या नक्षीला मात्र त्यांनी नुसतं फडकं मारलं, एक कोपरा उडालेला होता तोही तसाच ठेवला.

घोडी झिजायलाच असते. पात्याची धारही झिजायलाच असते, आणि कोयत्याच्या मुठीवरची ट्यूब, तलवारीच्या म्यानाचं कापड, मुठीच्या आतली गादी. हे सगळं पूर्वीही बदलत होतं, आजही बदला, हवी तर निळी-हिरवी रेझिनची गादी करा, मला काही म्हणायचं नाही. ट्रकच्या पाट्यापासून केलेल्या नव्या सुरीवर तर काय वाटेल ते करा, त्यात शिकण्यासारखं खूप आहे. फक्त पात्याच्या लांबी-रुंदीकडे लक्ष असू द्या. घरकामाची किंवा शेतीची नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्र कायद्यात येते, आणि पोलिसांना थरांचं पोलाद समजावत बसायची वेळ येऊ नये. पण शंभर वर्षांपूर्वीच्या पात्याचा काळा थर, मुठीवरचे ओरखडे, वेडेवाकडे वाटणारे ठोके हे झिजायला ठेवलेले भाग नव्हेत. लाल, भुगा होणारा गंज तेवढा मऊ फडक्यानं आणि तेलानं काढा, कारण तो खात राहतो. काळा, घट्ट बसलेला थर राहू द्या, तो आतल्या लोखंडाला राखतो. वर मेणाचा पातळ हात पुरे.

आमच्या कट्यारीला नायटल लावून बघण्याचा मोह मला दर सहा महिन्यांनी होतो. अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक ॲसिड, लॅबमध्ये बाटली समोरच असते. दोन मिनिटांत कळेल की पातं मुशीतल्या पोलादाचं आहे की साधं. पण नीट दिसायला पृष्ठभाग पुन्हा घासून आरसा करावा लागेल, आणि माझा घासण्याचा कोटा २०१२ मध्ये संपलाय. त्याऐवजी तिरप्या उजेडात तिचे सत्तर-ऐंशी फोटो काढले. तिरप्या उजेडात डाव्या दांडीवर जाळीच्या काही रेघा अजून दिसतात, अगदी पुसट. त्यांवरून वेलाचं एक वळण कागदावर उतरवता आलं. आजीला दाखवलं. ती म्हणाली पानं याहून मोठी होती.

पेटीत मी एक कार्ड ठेवलंय, डफसाहेबासारखं, फक्त कोरलेलं नाही, शिसपेन्सिलनं लिहिलेलं. त्यावर तारीख आहे, पॉलिश पेपरचा नंबर आहे, माझं नाव आहे, आणि 'दोन्ही दांड्यांवर चांदीची वेलबुट्टी होती, पानं मोठी. आजीच्या सांगण्यावरून' असं आहे. यंदाच्या खंडेनवमीला प्रश्न आला हळदी-कुंकवाचा, कारण ओलं कुंकू थेट पोलादावर राहिलं की आठवड्यात डाग धरतं. आजीनं जरा विचार केला आणि बोट कट्यारीऐवजी कार्डाला लावलं. आता 'नंबर १२०' च्या बरोबर वर एक लाल ठिपका आहे.